कॅरॅव्हॅन बघायला जाताना घरचा कुकर बरोबर न्या



इथे मेलबर्नमध्ये आमच्या ओळखीच्या चार-पाच जैन घरांत सध्या एकच विषय चालू आहे. मुलांच्या सुट्टीत फिरायला लहान ऑफ-रोड कॅरॅव्हॅन घ्यावी का, आणि घ्यायची तर कुठली. पुरुषमंडळी चाकं, सस्पेन्शन आणि सोलरवर तासन्‌तास बोलतात, मुलांचा जीव बंक बेडमध्ये. मला यात बोलायचं आहे, कारण कॅरॅव्हॅन ही चाकांवरची खोली म्हणून विकतात, पण आपल्यासारख्या घरासाठी ती आधी चाकांवरचं स्वयंपाकघर असते. आणि तेच कुणी नीट बघत नाही.

भारतात बसून वाचणाऱ्या मैत्रिणींसाठी दोन ओळी. कॅरॅव्हॅन म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढायची छोटी खोली. आपल्याकडे ट्रॅक्टरला उसाची ट्रॉली जोडतात तशी. आत पलंग, शेगडी, सिंक, फ्रिज, पाण्याच्या टाक्या. ऑफ-रोड म्हणजे डांबर संपल्यावरही जाऊ शकणारी: उंच उचललेली, सांगाडा जाड, दोन्ही चाकांचं सस्पेन्शन स्वतंत्र, दारं-खिडक्यांना धूळ अडवणाऱ्या रबरी पट्ट्या. कॉम्पॅक्ट म्हणजे साधारण १३ ते १५ फुटांची, बहुतेक वेळा छप्पर वर उचलता येणारी. किंमत नवीन घेतली तर ५० ते ८० हजार डॉलर सहज. म्हणजे हौसेचा विषय नव्हे, घरातल्या मोठ्या खर्चांपैकी एक.

'एवढं कशाला, मोटेलमध्ये राहायचं' असं कुणी म्हणेल. राहायला मोटेल आहेच, प्रश्न जेवायचा आहे. इथल्या लहान गावांत संध्याकाळी एक पब उघडा असतो आणि एक पेट्रोल पंप. कांदा, लसूण, बटाटा नको म्हटल्यावर पंपावर उरतात केळी. शिवाय आपल्या बायकांना स्वयंपाकघर बरोबर घेऊन फिरणं काही नवीन नाही. कुंभोजच्या बाहुबलीला किंवा श्रवणबेळगोळला जाताना टेम्पोत शेगडी, मोठं पातेलं, पिठाचा डबा आणि पाणी गाळायचं कापड सगळ्यात आधी चढायचं, माणसं नंतर. कॅरॅव्हॅन हा मला त्याच टेम्पोचा नातेवाईक वाटतो, फक्त महाग.

आमच्या घरात या विषयाला आणखी एक कारण आहे. सासूबाई, म्हणजे आई, जयसिंगपूरहून दोन वर्षांपूर्वी तीन महिने येऊन राहिल्या. त्या तीन महिन्यांत त्या घर आणि मंदिर सोडून कुठेही गेल्या नाहीत. त्यांचा रात्रिभोजनाचा त्याग आहे, कंदमूळ नाही, पाणी गाळून उकळलेलं, आणि दुसऱ्याच्या चुलीवरचं त्या घेत नाहीत. आम्ही दोनदा भाड्याची कॅरॅव्हॅन घेऊन गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते." तक्रार नव्हती, पण ह्यांना ते लागलं. आता त्या पुन्हा आल्या आहेत, वय ७२, गुडघे दुखतात. तिसऱ्यांदा येणं होईल का, हे त्याही बोलत नाहीत आणि आम्हीही नाही. म्हणून एप्रिलच्या सुट्टीत त्यांना बरोबर घेऊन मंगो नॅशनल पार्क आणि पुढे फ्लिंडर्सचे डोंगर बघायला जायचं ठरवलं आहे.

भाड्याच्या कॅरॅव्हॅनबद्दल माझं मत स्पष्ट आहे. फिरणं आपल्याला जमतं का हे बघण्यापुरती ती उत्तम, विकत घ्यायच्या आधी एकदा घ्यावीच. पण तिच्या शेगडीवर आणि बार्बेक्यूच्या तव्यावर आधीच्या लोकांनी काय भाजलं, ते वास सांगतो. आम्ही दोन्ही वेळा आपली एक बर्नरची शेगडी आणि घडीचं टेबल नेलं आणि कॅरॅव्हॅनचं स्वयंपाकघर बंदच ठेवलं. आम्हा चौघांचं भागलं. आईंचं भागलं नसतं. सेकंडहँड घ्यायची तरी हाच विचार करा. गाद्या आणि पडदे बदलता येतात, शेगडी नवी बसवता येते, त्याचा खर्च किमतीत धरा आणि मगच घासाघीस करा.

आता खरेदीची गोष्ट. शोरूममध्ये गेलं की सेल्समन आधी पलंग दाखवतो, मग टीव्ही. तुम्ही सरळ दाराजवळची किंवा पुढच्या दांड्यावरची धातूची पाटी शोधा. तिच्यावर दोन आकडे असतात. टेअर म्हणजे रिकाम्या कॅरॅव्हॅनचं वजन. एटीएम म्हणजे सगळं भरून तिचं जास्तीत जास्त किती वजन चालेल ते. (पैसे काढायच्या एटीएमशी याचा संबंध नाही, हे घालायचं एटीएम आहे.) दुसऱ्यातून पहिला वजा केला की तुम्हाला किती किलो सामान नेता येईल ते कळतं, त्याला इथे पेलोड म्हणतात. आम्ही पाहिलेल्या एका सुरेख कॅरॅव्हॅनचं टेअर १६५० आणि एटीएम २००० होतं. म्हणजे ३५० किलो. ऐकायला भरपूर वाटतं. घरी येऊन मी किराण्याची यादी करते तशी यादी केली: दोन टाक्यांचं १४० लिटर पाणी म्हणजे १४० किलो, दोन गॅस सिलिंडर भरलेले ३५, कपडे आणि अंथरूण-पांघरूण ७०, खुर्च्या, टेबल आणि बाहेरच्या कनातीचं कापड ४५, धान्य-किराणा ४०, भांडी २५, जॅक आणि अवजारं २०, जादा बॅटरी १५. बेरीज ३९०. अजून मुलांच्या सायकली धरल्याच नाहीत.

सेल्समन म्हणाला, "एवढं काटेकोर कुणी बघत नाही." पोलीस बघतात, आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाले नक्की बघतात, जादा वजन निघालं तर दावा नाकारला जाऊ शकतो. पण मला कायद्यापेक्षा त्या उसाच्या ट्रॉल्या आठवतात. आपल्या भागातली प्रत्येक बाई त्यांच्या मागून गेलेली आहे. मागच्या बाजूला जादा भरलेली ट्रॉली उतारावर कशी शेपूट हलवते ते आपल्याला कुणी शिकवायला नको. कॅरॅव्हॅनचंही तेच. वजन मागे गेलं की वेगात ती डुलायला लागते आणि पुढच्या गाडीला घेऊन फिरते. म्हणून जड वस्तू चाकांच्या वर आणि खाली, हलक्या वर आणि मागे. ट्रिपला निघायच्या आधी सगळं भरून एकदा वजनकाट्यावर न्या. इथेही सार्वजनिक वजनकाटे असतात, थोड्या डॉलरांत काम होतं.

परिग्रह-परिमाण हा शब्द आपण पर्युषणात ऐकतो आणि घरी येऊन कपाट उघडलं की विसरतो. पाटीवरचा आकडा विसरू देत नाही. मला तर तो आकडा आवडायला लागला आहे.

ओढणारी गाडी कुठली, हा प्रश्न इथेच येतो. आमच्याकडे टोयोटा क्लूगर आहे, ती ब्रेक असलेला २००० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढू शकते. आरएव्ही-४ हायब्रिड असेल तर आपल्या मॉडेलचा आकडा बघा. लँडक्रूझर ३००ला ३५००. कॅरॅव्हॅन आवडली म्हणून गाडी बदलायची, हा खड्डा फार खोल आहे, आणि आमच्या ओळखीतलं एक घर त्यात सध्या उतरत आहे. २० फुटांची, तीन बंकची कॅरॅव्हॅन, म्हणून नवी मोठी गाडी, म्हणून जास्त डिझेल, म्हणून वर्षातून एकच ट्रिप. मी म्हणते, गाडी आहे ती धरा आणि तिला पेलेल ती कॅरॅव्हॅन बघा. पुन्हा कॅरॅव्हॅनच्या दांड्याचं जे वजन गाडीच्या हुकावर येतं ते गाडीच्या सामानात मोजलं जातं, हे लक्षात ठेवा. पाच माणसं आणि डिकी भरलेली असेल तर तिथेही बेरीज करावी लागते. ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे असतात, आणि ते चालवायचं यंत्र आपल्या गाडीत बसवून घ्यावं लागतं, त्याचा खर्च वेगळा.

शिवाय कॅरॅव्हॅन ऑफ-रोड असून काय उपयोग, ओढणारी गाडी नदीनाल्यातून जाणारी नसेल तर? आम्हाला पश्चिमेकडचा ६६० किलोमीटरचा गिब रिव्हर रोड करायचा नाही. मिल्डुरापासून मंगोला जाणारा सुमारे ११० किलोमीटरचा, बहुतांश कच्चा रस्ता करायचा आहे. तो कोरडा असताना आमची गाडी जाते, पाऊस पडला तर तो रस्ताच बंद करतात. मग ऑफ-रोड कशाला? कच्च्या रस्त्यावर पत्र्याच्या पन्हाळीसारख्या बारीक लाटा पडलेल्या असतात. त्यांवर दोन तास गाडी थडथडली की साध्या कॅरॅव्हॅनचे कप्पे निखळतात आणि पिठाच्या डब्यात लाल धूळ जाते. तेवढ्यासाठी मजबूत बांधणी हवी. पण 'ऑफ-रोड' हा शब्द पाटीवर लिहून कॅरॅव्हॅन तशी होत नाही. वॉरंटीचा कागद मागा आणि त्यात कच्च्या रस्त्याबद्दल काय लिहिलं आहे तेवढं वाचा. एका ठिकाणी तो कागद मागितल्यावर 'नंतर ईमेल करतो' म्हणाले, अजून आलेला नाही. ते नाव आम्ही यादीतून काढलं. नवी कॅरॅव्हॅन सरकारच्या मान्यताप्राप्त वाहनांच्या नोंदवहीत आहे का तेही तिचा व्हीआयएन क्रमांक घालून ऑनलाइन बघता येतं. पाच मिनिटांचं काम आहे, करा.

आता माझा मुख्य मुद्दा. आपल्या स्वयंपाकघराचं वजन इथल्या लोकांच्या स्वयंपाकघरापेक्षा वेगळ्या ठिकाणी असतं, म्हणून त्यांच्यासाठी चांगली ती आपल्यासाठी चांगली असेलच असं नाही.

फ्रिज घ्या. इथे दोनशे लिटरच्या फ्रिजची जाहिरात मोठ्या अक्षरांत करतात, कारण त्यांना आठवड्याचं मांस आणि थंड बाटल्या ठेवायच्या असतात. आपण शिळं खात नाही. दूध, दही, तूप, थोडी भाजी, मुलांसाठी फळं. ९० लिटरचा फ्रिज पाच जणांना पुरतो, आणि तो लहान असला की बॅटरीही लहान लागते. फक्त १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला घ्या. गॅसवरही चालणारे जुन्या पद्धतीचे फ्रिज कॅरॅव्हॅन तिरकी उभी राहिली की नीट गार करत नाहीत, आणि कडक उन्हात मान टाकतात.

आपल्याला जागा हवी कोरड्या सामानाला. मंगोहून पुढे दक्षिण ऑस्ट्रेलियात शिरताना रेनमार्कच्या आधी यांबा नावाचं तपासणी नाकं आहे. फळमाशी पसरू नये म्हणून तिथे फळं आणि फळभाज्या काढून घेतात. टोमॅटो, ढोबळी मिरची, वांगी, लिंबं, सगळं. लपवलं तर दंड. पहिल्यांदा जाणाऱ्याला ते मनाला लागतं, पण आपल्याला काय? अष्टमी-चतुर्दशीला हिरवं नसतंच आणि त्या दिवशी घर उपाशी राहत नाही. मुगाची डाळ, हरभऱ्याची डाळ, बेसन, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, पापड, तांदूळ, दलिया, बिनलसणाचं भडंग. आई पिठाची मर्यादा पाळतात, ऋतूप्रमाणे तीन, पाच किंवा सात दिवस, म्हणून दोन आठवड्यांचं पीठ एकदम नेता येत नाही. पहिल्या काही दिवसांची भाकरी-पोळी, मग भात आणि दलियावर गाडी. या सगळ्याला खोल, झाकणबंद कप्पे लागतात. पलंगाखालचा उचलायचा कप्पा मोठा दिसतो, पण स्वयंपाक करताना दर वेळी गादी उचलून डाळ काढायची असेल तर तो कप्पा नसल्यासारखाच.

पाण्याबाबत मी सगळ्यात हट्टी आहे. टाक्या किती लिटरच्या हे सगळे विचारतात, नळ कसा आहे हे कुणी विचारत नाही. कॅरॅव्हॅनला कार्बनचा फिल्टर असतो, तो चवीसाठी ठीक, पण आपलं गाळणं ते नव्हे. टाकीत चार दिवस उभं राहिलेलं पाणी आईंना चालणार नाही. ते रोज सकाळी दुहेरी कापडातून गाळून, उकळून, चोवीस तासांत संपवायचं. त्यासाठी नळाखाली पातेलं उभं राहायला हवं. बहुतेक कॅरॅव्हॅनचं सिंक ताटलीसारखं उथळ असतं आणि नळ बुटका. म्हणून मी तिसऱ्या शोरूमला जाताना घरचा पाच लिटरचा कुकर, गाळायचं पातेलं आणि भाकरीचा तवा पिशवीत घालून नेला. लोक बघत होते, बघू देत. कुकर वरच्या कपाटाला टेकतो का, शिटी झाली तर वाफ कुठे जाते, दोन बर्नरवर कुकर आणि तवा शेजारी-शेजारी बसतात का, सगळं तिथेच कळलं. दोन ठिकाणी तवा ठेवला की कुकर ठेवता येत नव्हता. शोरूममध्ये हे कळायला पाच मिनिटं लागतात.

पाच माणसं काटकसरीने रोज ३५ लिटर पाणी धरलं तर १४० लिटर चार दिवस. मंगोला पाणी आपलं आपण न्यायचं असतं. मुलांना हे आधीच सांगून ठेवलं आहे. घरी दात घासताना नळ चालू ठेवणारा आमचा तेरा वर्षांचा तिथे पेल्याने चूळ भरेल अशी आशा आहे.

लहान ऑफ-रोड कॅरॅव्हॅनमध्ये स्वयंपाकघर बहुधा बाहेर असतं. डाव्या बाजूची झडप उघडायची, शेगडी आणि ओटा ड्रॉवरसारखा बाहेर ओढायचा. इथल्या बऱ्याच बायकांना ते आवडत नाही, कारण रात्री दिवा लावून स्वयंपाक करायचा म्हणजे पाखरं, चिलटं शेगडीवर झेपावतात. त्यांचं खरं आहे. पण आपल्याला रात्री चूल पेटवायचीच नसते! सूर्य असताना उघड्यावर, वारा खात स्वयंपाक करायला काय हरकत आहे? आत वाफ नाही, फोडणीचा वास गाद्यांना नाही, आणि आत ती जागा मोकळी राहते. रात्रिभोजनाच्या त्यागाचं कारण आपल्याला लहानपणी सांगितलं होतं ते त्या शेगडीपाशी डोळ्यांनी दिसतं. एवढंच बघा की झडपेच्या आडोशाला ज्योत वाऱ्याने विझत नाही, आणि पावसासाठी वरचं छप्पर पुरेसं पुढे येतं. दिवसा माश्या असतात, त्या भागात भरपूर, त्यासाठी जाळीची झाकणं न्या. बाहेरच्या दिव्यांना पिवळसर रंगाचा पर्याय असेल तर तो घ्या, त्याकडे किडे कमी येतात. आणि बार्बेक्यूचा तवा काढून टाकायला सांगा. आपल्याला नको, शिवाय तेवढं वजन वाचतं.

आत एखादी शेगडी किंवा इंडक्शन मात्र हवंच. उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्याचे दिवस जाहीर करतात, तेव्हा उघड्यावर ज्योत पेटवण्यावर बंधनं येतात आणि प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. इंडक्शनचं गणित विजेच्या बिलासारखंच आहे: १५०० वॉटचं इंडक्शन वीस मिनिटं म्हणजे अर्धा युनिट. १२ व्होल्टच्या २०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत साधारण अडीच युनिट मावतात. म्हणजे एका वेळचा वरण-भात जमतो, भाकऱ्या जमत नाहीत. एवढं कळलं की सोलरवरच्या चर्चेतून उठून जायला हरकत नाही.

रात्रीच्या आत जेवायचं म्हटलं की सगळा दिवस त्याभोवती बसतो, आणि गंमत अशी की इथे तोच दिवस शहाणपणाचा समजतात. संधिकाळी आणि पहाटे कांगारू रस्त्यावर येतात. शहराबाहेर अंधार पडायला लागल्यावर गाडी चालवू नका हे इथला प्रत्येक जुना माणूस सांगतो. मेलेल्या कांगारूंची रांग रस्त्याकडेला दिसते ती बघवत नाही. कॅरॅव्हॅन जोडलेली असताना गाडी चटकन थांबत नाही, वळवताही येत नाही. मेलबर्नला जानेवारीत सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो, पण एप्रिलमध्ये घड्याळ एक तास मागे गेलं की सहाच्या आसपास. म्हणून आमचा नियम ठरला: साडेतीनला चाकं थांबली पाहिजेत, चारला कुकर चढला पाहिजे, साडेपाचला भांडी घासून झाली पाहिजेत. दिवसाला ३०० किलोमीटरच्या वर जायचं नाही. मेलबर्न ते मिल्डुरा सुमारे ५४० किलोमीटर एका दिवसात मारणारे आहेत, आम्ही दोन दिवस घेऊ. दक्षिण ऑस्ट्रेलियाचं घड्याळ अर्धा तास मागे असतं, त्यावरून ह्यांचा आणि मुलीचा आताच वाद झाला. आई म्हणाल्या, "मी सूर्याकडे बघते, तुम्ही घड्याळाकडे बघा." या नियमामुळे कॅरॅव्हॅनच्या निवडीतही एक गोष्ट ठरली: थांबल्यापासून चूल पेटेपर्यंत दहा मिनिटांच्या वर लागता कामा नयेत. ज्यांचे तंबू उलगडायला पाऊण तास लागतो त्या स्वस्त कॅम्पर ट्रेलरना आम्ही नमस्कार केला.

झोपण्याबद्दल फार लिहीत नाही. पाच जणांना आत झोपवणारी लहान कॅरॅव्हॅन शोधू नका, सापडली तरी वजनात बसणार नाही. एक डबल बेड, दोन बंक. डबल बेडवर आई आणि मी, बंकवर मुलगी, दुसऱ्या बंकवर पिशव्या. बाप-लेक बाहेर स्वॅगमध्ये, म्हणजे इथला जाड कॅनव्हासचा एका माणसाचा तंबू-बिछाना, प्रत्येकाला एक. मुलाला तर तेच हवं आहे. रात्री बाहेरच्या शौचालयापर्यंत अंधारात चालत जाणं आईंना जमणार नाही, म्हणून आत सरकवून ठेवता येणारं छोटं पोर्टेबल टॉयलेट हवं, आणि ते ओट्यापासून लांब. बाहेरच्या स्वयंपाकघराचा हा आणखी एक फायदा. बसायच्या जागेचं कापड कशाचं आहे तेही विचारा. महागड्या मॉडेलांत खरं चामडं लावतात आणि कौतुकाने सांगतात. कापडी मागितलं की मिळतं, कधी स्वस्तही पडतं.

आता राहिला तो प्रश्न जो मंडळातल्या एका मावशींनी सरळ विचारला: "वर्षातले सहा आठवडे वापरायचं आणि बाकी अंगणात झाकून ठेवायचं, हा परिग्रह नाही का?" आहे. मी त्यांना तेच उत्तर दिलं. पण उत्तर देऊन गप्प बसण्यापेक्षा त्यावर काही करता येतं. आमच्यासारखंच पथ्य असलेल्या दुसऱ्या एका कुटुंबाशी आम्ही अर्ध्या-अर्ध्या खर्चाचं बोलणं केलं. शेगडी दोन्ही घरांची एकाच नियमाची, म्हणून आईंना चालेल. सुट्ट्या आलटून-पालटून. कागदावर लिहून घ्यायचं ठरलं: कुणी कधी वापरायची, टायर आणि सर्व्हिसचा खर्च, तुटलं तर कोण भरणार, एकाला बाहेर पडायचं असेल तर किंमत कशी ठरवायची, आणि आतली चूल बाहेरच्या कुणाला द्यायची नाही. मैत्री आहे म्हणून लिहायचं नाही असं म्हणणाऱ्यांनी जरूर लिहावं. इन्शुरन्स कंपनीला दोन्ही घरं चालवणार हे आधी सांगितलं पाहिजे. माझ्या मते परदेशातल्या आपल्या लोकांनी कॅरॅव्हॅन घ्यायची तर अशीच घ्यावी. एकट्याने ८० हजारांची घेण्यापेक्षा दोघांत ६०ची, आणि तीही वापरात राहणारी.

यादीत आता एकच उरली आहे. टेअर १४८०, एटीएम १९५०, म्हणजे ४७० किलो सामान. माझी ३९०ची यादी घालूनही ८० उरतात. कुकर आणि तवा शेजारी बसतात, पातेलं नळाखाली राहतं. अडचण एकच आहे. ऑफ-रोड म्हणून ती उंच आहे आणि दाराची पायरी आईंच्या गुडघ्याला जड जाते. दुकानदार दुहेरी पायरी आणि आतल्या बाजूला धरायला दांडी बसवून देतो म्हणतो, शंभर-दीडशे डॉलर जादा. शनिवारी आईंना घेऊन जाणार आहोत. त्या दोनदा चढून-उतरून बघतील, जमलं तर अनामत रक्कम तिथेच भरू.